घरची भाषा

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी आईच्या आधी तिच्या बांगड्या उठायच्या. अंथरुणाची घडी घालताना त्या वाजत, मग मोरीतल्या बादलीत नळाचं पाणी पडू लागे आणि पाठोपाठ परातीत भाकरी थापल्याचा आवाज. आई दोन्ही हातांनी भाकरी थापायची. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, ती जड असते, तिचा आवाजही जड येतो. वडिलांना सातपूरच्या कारखान्याची गाडी पकडायची असायची. ते डबा घेऊन जिना उतरताना खोकायचे, आणि तो खोकला खालच्या मजल्यावर पोचला की आई गॅस बारीक करायची. हे सगळं मी अठरा वर्षं ऐकत होते म्हणणं खोटं ठरेल. ते आपलं होत होतं. ऐकायला मी शिकले ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, परांजपे मॅडमच्या गटात, आणि ऐकायला शिकले म्हणजे शहाणी झाले असंही काही नाही.

परांजपे मॅडम आम्हाला मराठी शिकवायच्या. उंच, सडसडीत, बोलायला हळू. त्यांनी एका शनिवारी वर्गात विचारलं की गावातले रोजचे आवाज आणि इथे बोलल्या जाणाऱ्या भाषा टिपून ठेवायच्या आहेत, दर रविवारी हिंडावं लागेल, परीक्षेत याचे गुण मिळणार नाहीत, कोण येतं? सहा हात वर झाले. त्यातला एक माझा होता, कारण रविवारी घरी राहिलं की निवडणं-टिपणं गळ्यात पडायचं. कॉलेजने बिस्किटाच्या पुड्याएवढं एक रेकॉर्डर घेऊन दिलं होतं आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मॅडमचे नियम कडक होते. विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही. जो बोलणार त्याने सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने आपलं नाव, गाव आणि घरची भाषा सांगायची, आपण त्याच्या वतीने सांगायची नाही. बोलणं संपलं की सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या जागेचा नुसता आवाज भरून घ्यायचा. मुलींनी त्या दिवशी बांगड्या घालायच्या नाहीत. ते मिनिट आम्हाला सुरुवातीला फार हसवायचं. भर भद्रकालीत सहा कॉलेजकुमार डोळे खाली घालून उभे, लोकांना वाटायचं कुणी तरी गेलं.

आम्ही तांब्याचे हंडे ठोकणाऱ्यांकडे गेलो. एक म्हातारे तांबट म्हणाले, "आता गिऱ्हाईक कमी, म्हणून आवाज पन कमी. पूर्वी या गल्लीत बायको हाका मारायची ते आयकू यायचं नाही, सुखात होतो." सीबीएसच्या एसटी स्टँडवर कंडक्टर गावाचं नाव पेठ, पेठ, पेठ असं ओरडतात ते टिपलं, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, धुणं आपटणाऱ्या बायका टिपल्या, पहाटेच्या फुलबाजारात मखमलाबादच्या मळेवाल्यांची झेंडूच्या क्रेटवरून चाललेली बोली टिपली. मग भाषा सुरू झाल्या. आमच्या गटात सुरगाण्याचा यशवंत होता. वसतिगृहात राहायचा, पायात कायम एकच निळी चप्पल. त्याला मॅडमनी एका सुट्टीला रेकॉर्डर नेऊ दिलं, तर पठ्ठ्या आपल्याच आईला घेऊन आला. नागली, म्हणजे नाचणी, लावायची कशी, रोपांची आवणी कशी करायची, यावर ती त्यांच्या आदिवासी कोकणीत अर्धा तास बोलली होती, आणि मध्येच कोंबडीवर ओरडली होती. यशवंतने ते वर्गात सगळ्यांपुढे लावलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता लाजेल, मग लाजेल. तो कसला लाजतोय, आईचा एकेक शब्द आम्हाला समजावून सांगत होता. मला त्याचा राग आला. का आला ते तेव्हा कळलं नाही म्हणण्यात अर्थ नाही, चांगलं कळलं होतं.

माझी आई सटाण्याकडची. बागलाणातलं लहान गाव, घरी अहिराणी. लग्न करून आली ती निफाडच्या माणसांत, आणि तिथून वडिलांच्या नोकरीमागे नाशकात. वडिलांकडच्या लोकांना तिचं बोलणं म्हणजे करमणूक होती. आजीसकट सगळे तिला मुद्दाम बोलतं करायचे आणि हसायचे. त्यात दुष्टपणा नव्हता, पण रोज हसलं की नुसतं हसणंही टोचतं. तरी आई माझ्याशी तिच्याच भाषेत बोलायची. मला न्हाऊ घालताना, केस विंचरताना, शेवभाजी तिखट लागली म्हणून मी रडले तर. मला सगळं समजायचं, आणि बोबडं का होईना मी बोलायचेही. मग मी चौथीत असताना ती एकदा डबा द्यायला शाळेत आली आणि दारातल्या बाईंना म्हणाली, "मनी पोर कोनता वर्गमा शे, बाई?" बाई हसल्या. वर्ग हसला. पुढे महिनाभर मुलं माझ्या मागे शे, शे, शे करत फिरायची. मी घरी येऊन आईला सांगितलं की तू शाळेत येऊ नकोस, आणि आलीस तर बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "भाजीत मीठ बरोबर आहे का?" 'शे'च्या जागी आलेला तो 'आहे' तिने ठेच लागल्यासारखा उच्चारला. त्यानंतर ती माझ्याशी परत कधी अहिराणी बोलली नाही. टीव्हीवर बातम्या लागल्या की काम सोडून उभी राहायची आणि बातम्या देणाऱ्या बाईची वाक्यं ओठांत घोळवायची. पाचेक वर्षांत तिचं मराठी माझ्याहून नीट झालं. सटाण्याच्या मावशीचा फोन आला की मात्र ती गॅलरीत जायची आणि दार ओढून घ्यायची. दारापलीकडून तिचा जो आवाज यायचा तो मोठा आणि भरभर असायचा, घरातल्या आईचा तो नव्हताच. मला मुलगी झाल्यावर मी या गोष्टीचा जितका विचार केला तितका आधीच्या सगळ्या आयुष्यात केला नव्हता. दहा वर्षांच्या मुलीने आईला गप्प केलं आणि आई गप्प झाली, याला काय म्हणावं.

तर मॅडमना अहिराणी हवी होती. "कुणाच्या ओळखीचं आहे का सटाण्याकडे?" त्यांनी विचारलं. मी वहीत बघत बसले. शेवटी त्यांच्याच कुणा ओळखीच्याने एका गावातल्या भागाबाई नावाच्या म्हातारीचं नाव सुचवलं आणि आम्ही एसटीने निघालो. ते गाव आईच्या माहेरापासून चार-पाच कोसांवर होतं. आईला मी इतकंच सांगितलं की सटाण्याकडे जातोय. तिने डब्यात बिबडे भाजून दिले, ज्वारीचे पापड, आणि म्हणाली, "तिकडे ऊन फार असते. डोक्यावर ओढणी घे." भागाबाई डाळिंबाच्या मळ्यात, पडवीत बसल्या होत्या. तोंडात दात नव्हते, पण तोंड चालू. मॅडमनी विचारलं, लग्न कधी झालं तुमचं? म्हातारी म्हणाली, "लगीन व्हयनं तवय मी इतलीशी व्हतू. नवरदेव कोनता तेबी माले ठाऊक नई. मी वाजंत्रीवालाना मांगेच चालाले लागनू." नवरा समजून वाजंत्रीवाल्यामागे निघालेली ती पोर डोळ्यांपुढे आली आणि मी फसकन हसले. बाकीचे पाचजण अजून मॅडमच्या तोंडाकडे बघत होते, अर्थ काय म्हणून. म्हातारीने माझ्याकडे बोट केलं. "हाई पोरले समदं समजस. बोल ना वं माय."

"मला येत नाही, आजी," मी म्हटलं.

"येत नई, ते हासनी कशी?"

यावर सगळेच हसले, आणि ते सगळं त्या रेकॉर्डरात भरलं गेलं. शेवटचं एक मिनिट आम्ही गप्प उभे होतो तेव्हा माझे कान तापले होते. परतीच्या एसटीत मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. सटाणा मागे पडल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, "घरी कोण बोलतं?"

"आई. पण ती विसरली आता."

"असं कुणी विसरत नाही," मॅडम म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

टिपलेलं बोलणं कागदावर उतरवून काढायचं काम वाटून घेतलेलं असायचं. भागाबाईंचं साहजिकच माझ्या वाट्याला आलं. दुपारची वेळ होती, वडील कारखान्यात, आई स्वयंपाकघरात वांगी भाजत होती. कानात घालायच्या बोंड्या खराब झाल्या होत्या म्हणून मी रेकॉर्डर टेबलावर ठेवून आवाज बारीक केला आणि लिहू लागले. थोड्या वेळाने जळकट वास आला म्हणून मागे वळले तर आई दारात उभी. हातात चिमटा, चिमट्यात निखाऱ्यासारखं झालेलं वांगं. "कोण आहे ही?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती चिमट्यासकट खाली फरशीवर बसली. म्हातारी सुनेच्या तक्रारी सांगत होती, आते कोन बोलस आशी, या पोरीसले लाज वाटस, असं काहीबाही. आणि आई त्या यंत्राला उत्तर देऊ लागली. "हाव ना बाई. खरं शे." भागाबाई पुढचं सांगत होती, आई मान हलवत होती, मध्येच "मंग?" म्हणत होती. नवरदेवाची गोष्ट आली तेव्हा ती जी हसली, तशी मी तिला कधी हसताना पाहिली नव्हती. आमच्या घरात हसताना ती तोंडावर पदर घ्यायची. त्या दिवशी पदर खांद्यावरच राहिला. नंतर माझं ते "मला येत नाही, आजी" आलं, आणि म्हातारीचा सवाल. आई हसायची थांबली. तिने वांग्याकडे पाहिलं, उठली, नळाखाली हात धुतला आणि आतूनच, तिच्या त्या नीट मराठीत विचारलं, "असे बोललेले चालते का तुमच्या मॅडमना?"

"चालतं म्हणजे? तेच तर हवंय त्यांना."

रात्री जेवताना वडिलांना तिनेच सांगितलं. वडील भरताशी भाकरी खात म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा, तशी गत हाय तुमची. घरात एवढी अहिराणी बसलीय, अन् तिकीट काढून सटाण्याला गेले नाय का." ते आपल्या परीने गंमत करत होते. मी पुढच्या रविवारी मॅडमना घरी बोलवलं. आईला विचारलं, तू बोलशील का? ती लाजून लाल झाली, पण हो म्हणाली.

त्या रविवारी आईने घर असं आवरलं होतं जसं मला बघायला पाहुणे येणार आहेत. आवाजच टिपायचा होता, तरी तिने लग्नकार्यात नेसायची जांभळी साडी नेसली, आणि मी एकदा बोलले होते ते लक्षात ठेवून हातातल्या बांगड्या काढून देव्हाऱ्याखाली ठेवल्या. मी तिचे हात मोकळे पाहिले ते तेवढेच. वडिलांना खाली पाठवलं, कारण ते खोकतात. परांजपे मॅडम आणि यशवंत आले, पोहे झाले, चहा झाला. मी रेकॉर्डर तिच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. मॅडम म्हणाल्या, "नाव, गाव, घरची भाषा सांगा, आणि मग तुम्हाला हवं ते बोला." आईने घसा साफ केला.

"माझे नाव सौ. कमल रामदास बोराडे आहे. मी नाशिक येथे राहते. माझी घरची भाषा मराठी आहे."

यशवंतने माझ्याकडे पाहिलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "कमलताई, तुमच्या माहेरचं बोला ना. माहेरी जसं बोलता तसं."

"माहेरीही आम्ही असेच बोलतो," आई म्हणाली. हे म्हणताना तिने पाहिलं माझ्याकडे. ती मला सांभाळून घेत होती. माझ्या कॉलेजची माणसं घरात बसली होती, माझ्या मॅडम, एक मुलगा, आणि मी चौथीत घातलेला नियम अजून कुणी मागे घेतलेला नव्हता. मी तेव्हा नुसतं "आई, तुनी भाषामा बोल" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. चार शब्द. ते मला येत होते. पण यशवंत समोर बसला होता, आणि तिने मराठी म्हटल्यावर मला जे वाटलं त्याला सुटका म्हणतात. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई अकरा मिनिटं बोलली. बिबडे कसे करतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मुली माहेरी येऊन झोके कसे खेळतात, सगळं बातम्यांतल्या बाईसारखं, एकही शब्द इकडचा तिकडे न होऊ देता. मग आम्ही मिनिटभर गप्प बसलो. तेव्हा खालून वडिलांचा खोकला आला.

पाहुणे गेल्यावर तिने बांगड्या चढवता चढवता विचारलं, "बरोबर बोलले ना मी? कुठे चुकले नाही ना?"

"नाही. छान बोललीस," मी म्हटलं.

मॅडमनी मला दुसऱ्या दिवशी बाजूला घेतलं. म्हणाल्या, यंत्रासमोर माणूस असंच बोलतं, तिला तिच्या माणसांत बसव. ठरलं असं की आखाजीला आई माहेरी जाईल, मावशीही येईल, आणि मी रेकॉर्डर घेऊन सोबत जाईन. मी आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "तू येशील? तिकडे?" मी मोठी झाल्यापासून तिच्या माहेरी जायचं टाळत होते. ती त्याच दिवसापासून पिशवी भरायला लागली. मावशीच्या नातवाला झबलं, भावाला नाशिकचा चिवडा. आखाजीला तीन आठवडे राहिले होते.

ती अकरा मिनिटं माझ्याकडे आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयातही एक प्रत असावी. मागे माझ्या मुलीने ती ऐकली आणि म्हणाली, आजी किती मस्त बोलते गं, अगदी पुस्तकातल्यासारखं. मी हो म्हटलं. तिला आजीचा आवाज म्हणून तोच माहीत आहे, आणि तो आवाज मी बनवलेला आहे हे तिला कसं सांगू ते मला अजून सुचलेलं नाही.

आखाजी यायच्या आधीच आईला अर्धांगाचा झटका आला, तो सकाळी भाकरी थापताना. मी पलीकडच्या खोलीत होते. परातीतला आवाज मध्येच थांबला, पण फोन वाजला असेल, दूध आलं असेल असं वाटून मी अंथरुणात पडून राहिले. आवाज टिपणाऱ्या गटातली मुलगी मी. वडील डबा घ्यायला आत गेले तेव्हा त्यांना ती दिसली. दवाखान्यात चार दिवस तिला वाचाच नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी ती बोलली, जड जिभेने, तुटक, पण बोलली, आणि ती बोलली ते सगळं अहिराणीत. मराठी पार पुसून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, पहिली भाषा आधी परत येते, बाकीची मागून येईल किंवा येणारही नाही. नर्स दिंडोरीची होती, तिला आईचं कळेना. वडिलांना वीस वर्षांच्या संसारात जेवढं कळत होतं तेवढंही आता कळेना. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून मला विचारायचे, "काय म्हंती ती? सांग ना, काय म्हंती?" आणि मी सांगायचे. म्हैस धारेला आली का म्हणतेय. दादा बाजारातून आले का म्हणतेय. दादा म्हणजे तिचे वडील, ते जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. रेकॉर्डर माझ्या पर्समध्येच होतं, कारण ते सांभाळायचं काम माझ्याकडेच होतं. मला त्याची आठवण झाली नाही असं नाही. पण विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि नाव, गाव, भाषा तिने स्वतः सांगायची. तिला कसं विचारणार होते मी?

आठव्या दिवशी दुपारी वॉर्डात आम्ही दोघीच होतो. बाकीच्या खाटांवर माणसं झोपलेली. आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माले तहान लागनी." मी पेला घेतला, चमच्यात पाणी घेतलं, आणि माझ्या तोंडातून आलं, "ले, पी ले. हयू हयू पी." हळूहळू पी. नऊ वर्षांत पहिल्यांदा. माझं ते बोलणं मलाच परक्या मुलीचं वाटलं. आईने चमच्याकडे पाहिलंच नाही. तिचा चेहरा एकदम उघडला, गावाकडचं माणूस परमुलखात भेटल्यावर उघडतो तसा. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"तू कोन गावनी शे वं माय?"

तिने मला ओळखलं नव्हतं. मी तिच्या गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, "तुनाच गावनी."

"मंग इतला दिन बोलनी का बरं नई?"

मी तिच्या ओठांना चमचा लावला. ती पाणी प्यायली, तिने माझं मनगट तसंच धरून ठेवलं, आणि मी काय सांगते त्याची वाट बघत राहिली.